इर्जिक आणि हॅकेथॉन

वावर, जव्हार, मोखाडा या डोंगराळ भागात राहणाऱ्यांना भाताची आवणी म्हणजे काय हे सांगायला नको. खाचरात चिखल झाला की काम लांबवून चालत नाही, राबातली रोपे जून होतात. अशा वेळी शेजाऱ्यांनी जमून एकाचे शेतकाम दिवसात उरकायचे व त्याने सर्वांना जेवू घालायचे, या रीतीला मराठीत इर्जिक म्हणतात.

मोठ्या कंपन्यांतही आता इर्जिक होते. तिला हॅकेथॉन म्हणतात. पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या 1990 साली स्थापन झालेल्या कंपनीची 'सेमिकोलन्स' ही अशीच 24 तासांची हॅकेथॉन. निरनिराळ्या विभागांतली माणसे गट करून एकत्र बसतात आणि नव्या कल्पनेचा चालता नमुना तयार करतात. एप्रिल 2017 मध्ये पहिल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सरकारी खात्यांच्या प्रश्नांवर सलग 36 तास काम केले.

एवढ्या थोड्या वेळात हे जमते कसे? माणसे एकाएकी हुशार होतात काय? मुळीच नाही. थोडे गणित करू या.

समजा, एका नमुन्यासाठी सहा विभागांचे प्रत्येकी 4 तासांचे काम आहे. म्हणजे एकूण 24 तास. पण प्रत्येक विभागात पाळी येईपर्यंत कागद 10 दिवस पडून राहतो. हे झाले 60 दिवस, म्हणजे 1440 तास. एकूण 1464 तासांत खरे काम दोन टक्केही नाही! आता सर्वांनी दुप्पट वेगाने काम केले तरी वाचतील फक्त 12 तास. उलट सहाही जणांना एका टेबलाशी बसवा. वेग तोच, पण 1440 तास नाहीसे!

मग रोजच असे का करू नये? कारण त्या सहा जणांची स्वतःची कामे तिकडे खोळंबतात. शेजारी तुमच्या खाचरात रोज कसे येतील? शिवाय रात्रभर जागून केलेल्या कामात चुका राहतात, हे परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना ठाऊक आहेच.

आणि नमुना म्हणजे तयार वस्तू नव्हे. फेसबुकच्या 'लाइक' बटणाचा नमुना 2007 मध्ये कंपनीतल्याच हॅकेथॉनमध्ये झाला. ते लोकांपुढे आले फेब्रुवारी 2009 मध्ये. हॅकेथॉन संपली की कल्पना पुन्हा रांगेत उभी राहते, आणि अनेक कल्पना तिथेच राहतात. वर्तमानपत्रांत बक्षीस समारंभाचे छायाचित्र येते, या रांगेचे कधी येत नाही.

तुमच्या शाळेतले एखादे काम निवडा, उदाहरणार्थ, मोडलेल्या बाकाची दुरुस्ती. सुताराच्या हाताला किती मिनिटे लागली आणि अर्ज दिल्यापासून किती दिवस गेले, हे वहीत लिहून काढा व त्यांचे गुणोत्तर मांडा.