गाडी खाली बसवताना एक्सल सांभाळा
(गॅरेजवाल्या कारागिरांसाठी)

आजकाल नांदेड-लातूरच्या गॅरेजात एक नवे काम येऊ लागले आहे. तरुण मुले स्विफ्टसारखी गाडी घेऊन येतात, सोबत खोक्यात चार आखूड स्प्रिंगा आणतात आणि म्हणतात, "उस्ताद, गाडी खाली बसवा." काम दिसायला सोपे आणि मजुरीही बरी. पण ह्यात एक्सल बिघडला तर मिळालेली मजुरी त्यातच जाते आणि वरून पदरचे भरावे लागतात. म्हणून हे काम नीट समजून घ्यावे.

आधी कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ मापाविरुद्ध बदल चालणार नाही असा निकाल दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनीही ह्याच मुद्द्यावर अडून बसू शकते. हे गिऱ्हाइकाला काम हाती घेण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. जुन्या स्विफ्टचे तळाचे अंतर १७० मि.मी. होते. त्यातून ४० मि.मी. काढले तर १३० उरले, आणि पाच माणसे बसली की आणखी कमी. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सें.मी. उंच असतो, आपल्याकडे गावोगाव मनाने घातलेले गतिरोधक हे माप पाळत नाहीत. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारा हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागलात की काळ्या जमिनीमुळे डांबर कुठे फुगलेले तर कुठे खचलेले. माझ्या मते आपल्या भागात २५-३० मि.मी. पेक्षा जास्त खाली बसवू नये. आणि गॅस कटरने स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली करण्याचा जो प्रकार चालतो, तो तर हातात घेऊच नये. आचेने पोलादाचे पाणी उतरते आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही.

आता एक्सलकडे वळू. बहुतेक बिघाड नवी स्प्रिंग घातल्यामुळे होत नाही, तो जुनी काढताना होतो. शॉकअपला नकलशी जोडणारे दोन बोल्ट काढले की हब आपल्या वजनाने बाहेर झुकतो आणि एक्सलला ओढतो. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते ठरावीक अंतरच सरकतात. जास्त ओढ बसली की रबरी बुटाच्या आतल्या आत रोलर वाटीतून निसटतात. बाहेरून काहीच दिसत नाही! कारागीर सगळे जोडून गाडी देतो आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईक घरघर ऐकून परत येतो. काही गाड्यांत पूर्ण जॉइंटच गिअरबॉक्समधून बाहेर येतो आणि ऑइल खाली सांडते.

उपाय अगदी साधा आहे. बोल्ट काढण्यापूर्वी हब जाड तारेने बॉडीला बांधा आणि खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या. ब्रेकचा कॅलिपर होजवर लटकू देऊ नका. एबीएस सेन्सरची तार आधी मोकळी करा. स्प्रिंग बदलायला हबचा मोठा नट खोलण्याची गरजच नसते, तरी पुष्कळ जण सवयीने खोलतात. नकलच्या बोल्टजवळ खडूने खूण करून ठेवा, जोडताना उपयोगी पडते.

तरीही जॉइंट निसटलाच, तर हातोडा उचलू नका. दोन्ही बाजूंचे बूट ताडून पाहा. एक जास्त ताणलेला दिसला तर समजा. क्लिप काढून तिन्ही रोलर मोकळे फिरतात का बघा, नवे ग्रीस भरा, क्लिप नवी लावा. जॉइंट गिअरबॉक्समधून सुटला असेल तर सील तपासा, टोकाची रिंग नवी घाला आणि 'टक' असा आवाज होईपर्यंत सरळ आत दाबा. मग ओढून खात्री करा. आवाज झाला नाही तर जॉइंट बसलेला नाही. गाडी रस्त्यात उभी राहील, इंजिन ओरडेल पण चाक फिरणार नाही. शेवटी ऑइलची पातळी भरा.

स्प्रिंग शिकंज्यात पुरती दाबली जाईपर्यंत शॉकअपच्या वरचा मधला नट सैल करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. शिकाऊ मुलाच्या हाती हे काम देऊ नका.

एक चूक मुरलेल्या मिस्त्रींकडूनही होते. खालच्या आर्मचे रबरी बुशवाले बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळतात. गाडी खाली उतरली की बुश पिळला जातो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. चाके जमिनीवर आणून, गाडी दोन-तीन वेळा दाबून मगच हे बोल्ट आवळावेत. मागच्या बीमच्या बोल्टचेही असेच.

ज्या गाड्यांना मागे अखंड एक्सल आणि आडवा दांडा असतो, त्यांत गाडी खाली बसताच एक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंनी मडगार्ड ते टायर अंतर मोजा; फरक असेल तर लांबी कमी-जास्त होणारा दांडा लागतो. कमानीच्या पाट्यांच्या गाडीत ठोकळा घालून खाली केल्यास एक्सलचे तोंड फिरते आणि क्रॉस जॉइंट थरथरतो. तिथे पाचर घालून कोन जुळवावा.

शेवटी व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी देऊ नये, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात. गाडी स्वतः चालवून पाहा. वेग घेताना थरथर आली तर आतला जॉइंट, पूर्ण वळणावर 'कटकट' आली तर बाहेरचा. आठवडाभराने गिऱ्हाइकाला परत बोलवा, बूट फाटले आहेत का आणि सीलपाशी ऑइल आहे का ते पाहून सगळे बोल्ट पुन्हा तपासा.