स्पंदक ताऱ्यांचं वेळापत्रक

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या आमच्या तळेगावात (श्यामजी पंत) मुलांना विज्ञान शिकवताना मनात पक्कं झालेलं थोडंसं.

१. कृष्णविवरांची जोडी समजवायची तर सुरुवात दीर्घिकांपासून करावी. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरं जवळ येतात आणि एकमेकांभोवती फिरू लागतात. त्या एका फेरीला वर्षं लागतात, म्हणून त्यांच्यापासून निघणारी गुरुत्वीय लहरही वर्षानुवर्षांची असते. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपणाऱ्या लायगो वेधशाळेला ती पकडता येत नाही. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाचंही ते काम नाही.

२. “सर, मंग ते मोजते कशानं?” पोट्ट्यांचा हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आहे स्पंदक तारे (पल्सर). त्यातले काही सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि त्यांचे रेडिओ स्पंद अगदी वेळेवर पोचतात. नागपूरहून येणारी एकच एसटी उशिरा आली तर बिघाड गाडीत असेल; सगळ्याच गाड्यांची वेळ चुकली तर रस्त्याकडे बघावं लागतं. गुरुत्वीय लहर हा रस्ताच ताणते-आखडते. कोणत्या दोन ताऱ्यांच्या वेळा किती जुळून चुकतील, हे आकाशात त्यांच्यात किती कोन आहे त्यावर ठरतं. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच ते गणित मांडलं होतं.

३. खोडदचं नाव घेतल्याशिवाय हा धडा संपवू नये. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तबकडी भरीव पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची. वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही वाचतं. गोविंद स्वरूप यांच्या या दुर्बिणीचं स्पंदकांच्या मोजणीतलं काम मोलाचं आहे. ताऱ्यांमधल्या पोकळीतले इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेचे रेडिओतरंग जास्त रखडवतात. ही रखडण जीएमआरटी बारकाईने मोजते, म्हणून ती हिशेबातून वजा करता येते. हे केलं नाही तर लहरीची खूण त्यातच हरवेल.

४. ‘बहुधा’ हा शब्द मुलांपासून लपवू नये. २९ जून २०२३ ला युरोपीय गटाने आणि आपल्या भारतीय-जपानी गटाने २५ स्पंदकांच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदींतून अशा लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधले गटही त्याच सुमारास बोलले. उगम बहुधा असंख्य कृष्णविवर-जोड्या. मात्र विश्वाच्या बाल्यातलं दुसरं कारणही अजून बाद झालेलं नाही.

५. शाळांना एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण विद्यार्थ्यांना बघता येते. विदर्भातून अंतर मोठं आहे, तरी एकदा मुलांना घेऊन जाच.