दारापुढचे झाड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर सीमेवर पाच विशाल सरोवरे आहेत. त्यांपैकी ईरी सरोवराकडे वाहत जाणाऱ्या एका रुंद नदीच्या काठी डेट्रॉइट हे शहर वसले आहे. नदीच्या पैलतीरी कॅनडा देश आहे. १७०१ साली फ्रेंच लोकांनी येथे आपले ठाणे वसविले. दोन जलाशयांना जोडणाऱ्या चिंचोळ्या प्रवाहास त्यांच्या भाषेत जो शब्द होता, तोच पुढे शहराचे नाव होऊन बसला. विसाव्या शतकात मोटारगाड्यांच्या कारखान्यांनी या शहराची कीर्ती जगभर नेली. परंतु येथे सांगावयाची कथा गाड्यांची नव्हे. ती आहे रस्त्याकडेच्या झाडांची, ओसाड पडलेल्या अंगणांची आणि त्या अंगणांत पुन्हा हिरवळ आणणाऱ्या माणसांची.

या कथेचा प्रारंभ मोटारगाड्यांच्याही आधीचा आहे. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार हवालदिल झाले. डेट्रॉइटमध्ये पोलंड व जर्मनी या देशांतून आलेली पुष्कळ कुटुंबे होती. हाताला काम नाही आणि घरात दाणा नाही, अशी त्यांची स्थिती झाली. त्या वेळी हेझन पिंग्री हे शहराचे महापौर होते. तरुणपणी ते जोड्यांच्या कारखान्यात कातडे कापण्याचे काम करीत. पुढे स्वतःच्या कारखान्याचे मालक झाले. श्रमाची आणि भुकेची त्यांना चांगली ओळख होती.

शहराभोवती पुष्कळ जमीन नुसती पडून होती. उद्या भाव वाढेल या आशेने मालकांनी ती तशीच ठेवली होती. पिंग्री यांनी मालकांस विनंती केली की, जमीन विकली जाईपर्यंत ती गरजू लोकांना पिकवू द्यावी. अन्नदानापेक्षा अन्न पिकविण्याची संधी देणे हे माणसाच्या स्वाभिमानास अधिक शोभते, असा त्यांचा विचार होता. प्रारंभी अनेकांनी या योजनेची थट्टा केली. ‘बटाटेवाले पिंग्री’ असे नाव लोकांनी त्यांना ठेवले. पुरेसा पैसा जमेना, तेव्हा त्यांनी पदरमोड केली. आपला आवडता घोडासुद्धा लिलावात विकला. १८९४ च्या त्या पहिल्या हंगामात सुमारे ४३० एकर जमिनीवर ९४५ कुटुंबांनी बटाटे, घेवडा आणि इतर भाज्या पिकविल्या. थट्टा करणारे गप्प झाले. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया यांसारख्या मोठ्या शहरांनीही हाच मार्ग अनुसरला. पिंग्री पुढे मिशिगन राज्याचे राज्यपाल झाले. १९०४ साली उभारलेला त्यांचा पुतळा डेट्रॉइटच्या मध्यभागी आजही उभा आहे.

यानंतर मोटारींचे युग आले. १९०३ साली हेन्री फोर्ड यांनी आपली कंपनी स्थापन केली आणि शहर झपाट्याने वाढू लागले. देशाच्या दक्षिण भागातून कृष्णवर्णीय शेतकरी व शेतमजूर कामाच्या शोधात येथे आले. १९५० साली शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ५० हजार झाली. रस्त्यारस्त्यांवर दुतर्फा एल्म नावाची उंच झाडे लावलेली होती. एल्मच्या फांद्या कारंज्याच्या धारांप्रमाणे वर जाऊन बाहेर झुकतात. दोन्ही बाजूंच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींस भेटत आणि भर उन्हाळ्यात वाटसरूच्या मस्तकावर हिरवी कमान धरीत.

या कमानीवर एक दुष्ट रोग चालून आला. त्याचे मूळ एका बुरशीत होते. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी त्याचा प्रथम शोध लावला, म्हणून त्यास डच एल्म रोग असे म्हणतात. युरोपातून आलेल्या लाकडाच्या ओंडक्यांबरोबर तो अमेरिकेत शिरला आणि १९३० साली ओहायो राज्यात प्रथम दिसून आला. झाडाच्या सालीखाली राहणारे बारीक भुंगेरे ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. बुरशी आत शिरली की झाडाच्या जलवाहिन्या बंद होतात आणि भर उन्हाळ्यात पाने पिवळी पडून गळू लागतात. एल्मची झाडे ओळीने, एकमेकांच्या जवळ लावलेली होती. जमिनीखाली त्यांची मुळे एकमेकांत मिसळली होती. त्यामुळे भुंगेऱ्यांवाचूनही रोग मुळांतून शेजारच्या झाडाकडे जाई. ज्या एकसारखेपणामुळे रस्ता सुंदर दिसत होता, तोच त्याच्या नाशास कारण झाला. १९५० ते १९८० या तीस वर्षांत हा रोग व इतर कारणे मिळून डेट्रॉइटमधील सुमारे ५ लाख झाडे नष्ट झाली, असा अंदाज केला जातो.

झाडांबरोबर माणसेही जाऊ लागली होती. कारखाने शहराबाहेर हलले. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत राहावयास गेले. कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र अनेक वस्त्यांत घर मिळत नसे. हा अन्याय वर्षानुवर्षे साचत गेला. १९६७ च्या जुलै महिन्यात शहरात मोठा उद्रेक झाला आणि त्यात ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर शहर सोडून जाणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. २०२० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या केवळ ६ लाख ३९ हजार भरली. जेथे तीन माणसे राहत होती, तेथे एकच उरले. रिकामी घरे मोडकळीस आली, काही जळाली, काही पाडण्यात आली. हजारो भूखंडांवर गवत आणि कचरा माजला.

परंतु जे राहिले, त्यांनी कंबर कसली. दक्षिणेतून आलेल्या कित्येक वृद्ध स्त्री-पुरुषांना शेतीची विद्या अवगत होती. त्यांनी शेजारच्या ओसाड जागा साफ करून भाजीपाला लावला आणि मुलांना बी पेरण्यापासून पीक काढण्यापर्यंत सर्व शिकविले. १९८९ साली ‘ग्रीनिंग ऑफ डेट्रॉइट’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने शहरात पुन्हा वृक्ष लावण्याचे काम हाती घेतले. १९९२ साली ग्रेस ली बॉग्ज व जेम्स बॉग्ज या दांपत्याच्या प्रेरणेने ‘डेट्रॉइट समर’ हा युवकांचा उपक्रम सुरू झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण मुले वडीलधाऱ्यांच्या सोबतीने बागा तयार करीत आणि भिंतींवर चित्रे रंगवीत. २०१३ साली नगरपालिकेने शहरातील शेतीस कायद्याने मान्यता दिली. २०१४ पासून घरालगतचा ओसाड सार्वजनिक भूखंड शेजाऱ्याला अवघ्या १०० डॉलरांत विकत घेण्याची सोय झाली. हजारो कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. जेथे कचऱ्याचे ढीग होते, तेथे मुलांच्या खेळण्याच्या जागा आणि फुलांचे ताटवे दिसू लागले.

निसर्गाने याच काळात आणखी एक धडा दिला. एल्मच्या जागी अनेक ठिकाणी अ‍ॅश नावाची झाडे लावली गेली होती. २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात पाचूसारखा हिरवागार, चकाकणारा एक भुंगेरा आढळला. तो मूळचा आशिया खंडातील. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि काही वर्षांत झाड वाळून जाते. तेथून पसरत गेलेल्या या किड्याने उत्तर अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश वृक्षांचा बळी घेतला. एकाच जातीच्या झाडांवर भिस्त ठेवू नये, हे शहाणपण लोकांना असे दुसऱ्यांदा मोठी किंमत देऊन मिळाले. आता रस्त्यावर निरनिराळ्या जातींची झाडे मिसळून लावण्याकडे वृक्षतज्ज्ञांचा कल आहे.

शहरातील झाड केवळ शोभेसाठी नसते. दगडी इमारती व डांबरी रस्ते दिवसभर ऊन शोषून घेतात आणि रात्री ती उष्णता बाहेर टाकतात. झाडाची सावली आणि पानांतून हवेत जाणारी वाफ यांमुळे आसपासची हवा थंड राहते. डेट्रॉइटसारख्या जुन्या शहरांत पावसाचे पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहते. मुसळधार पाऊस पडला की नळ भरून जातात आणि घाण पाणी नदीत शिरते. झाडांची पाने पावसाचा मारा अडवितात, मुळांभोवतीची माती पाणी जिरविते. त्यामुळे नळांवरील भार हलका होतो.

झाडांचे एवढे उपकार असता, फुकट मिळणारे झाड कोणी नाकारील काय? डेट्रॉइटमध्ये तसे घडले. २०११ ते २०१४ या काळात घरापुढील रस्त्याकडेला झाड लावून घेण्यास सुमारे ७,४०० रहिवासी पात्र होते. त्यांतील १,८०० हून अधिक जणांनी, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी, ‘आम्हांस झाड नको’ असे कळविले. झाडांचे महत्त्व या लोकांना कळत नाही, असा तर्क करणे सोपे होते. एका अभ्यासिकेने रहिवाशांशी प्रत्यक्ष बोलून या नकाराचे कारण शोधले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा दिसून आले ते निराळेच. झाडाचे गुण या लोकांना पुरते ठाऊक होते. परंतु त्यांची आठवणही तीव्र होती. मोठमोठी झाडे वाळली, तेव्हा ती वेळेवर काढली गेली नव्हती. ओसाड घरांपुढील झाडांकडे कोणी पाहिले नव्हते. जुन्या काळी झाडे तोडली गेली, तेव्हाही वस्तीतील लोकांना कोणी विचारले नव्हते. आता नवे झाड येणार. त्याची पाने झाडावयाची, फांदी तारेवर आली तर धावाधाव करावयाची, मुळांनी पदपथ उचलला तर त्रास सोसावयाचा, हे सारे त्यांच्याच वाट्याला येणार होते. मात्र झाड कोणते असावे, ते कोठे लावावे आणि पुढे त्याची निगा कोणी राखावी, हे ठरविताना त्यांचे मत घेतले जात नव्हते. त्यांचा नकार झाडाला नव्हता. न विचारता लावण्याला होता.

या अभ्यासानंतर संस्थेने आपली रीत बदलण्यास आरंभ केला. रहिवाशांशी अधिक बोलणे, झाडांच्या निवडीत त्यांना वाव देणे आणि झाड लावल्यावर पुन्हा त्यांची भेट घेणे, यांकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले.

पिंग्री यांचे बटाट्यांचे मळे आणि आजची रस्त्याकडेची रोपे यांत शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही दोन्ही गोष्टींचे मर्म एकच आहे. पिंग्री यांनी लोकांपुढे शिजवलेले अन्न ठेवले नाही, तर जमीन ठेवली. म्हणून लोक त्या कार्याचे भागीदार झाले. रोपट्याच्या बाबतीतही तसेच आहे. पहिली काही वर्षे त्यास पाणी कोणीतरी घालावे लागते आणि मोडलेली फांदी कोणाच्या तरी दृष्टीस पडावी लागते. ते काम दूरच्या कचेरीपेक्षा दारात राहणारा माणूस अधिक चांगले करतो. पण ते झाड आपले आहे असे त्यास वाटले पाहिजे. मात्र म्हणून कचेरीचे कर्तव्य संपत नाही. वाळलेले मोठे झाड उतरविणे किंवा फुटलेला पदपथ नीट करणे एकट्यादुकट्या रहिवाशाच्या शक्तीबाहेरचे असते. नागरिकाने आपला वाटा उचलावा आणि नगरपालिकेने आपला शब्द पाळावा, तरच रस्ता हिरवा राहतो.

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. डेट्रॉइटची कथा तीच गोष्ट सांगते, आणि तिला एक जोडही देते : गावाने करावे असे वाटत असेल, तर रावाने आधी गावाला विचारले पाहिजे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डेट्रॉइट हे नाव कसे पडले?
(आ) लोक पिंग्री यांना कोणत्या नावाने हिणवीत?
(इ) एल्मच्या फांद्यांना कशाची उपमा दिली आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिंग्री यांच्या योजनेमागील विचार कोणता होता?
(आ) एल्मचा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कोणत्या दोन मार्गांनी जाई?
(इ) शहरातील झाडांमुळे नदी स्वच्छ राहण्यास कशी मदत होते?

३. सविस्तर उत्तर लिहा.
‘त्यांचा नकार झाडाला नव्हता, न विचारता लावण्याला होता,’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
हवालदिल होणे, पदरमोड करणे, कंबर कसणे, भिस्त ठेवणे, वाव देणे.

५. उपक्रम.
तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या रस्त्यावरील झाडे मोजा. त्यांत किती जाती आहेत ते लिहा. ती कोणी लावली आणि त्यांना पाणी कोण घालते, हे वडीलधाऱ्यांना विचारा. आणखी एक झाड लावावयाचे झाल्यास कोणाकोणाचे मत घ्यावे लागेल, याची यादी करा.