आधी चटई उचल, बयो

अगं, फोटो बघितले. एकदा बघितले, चष्मा पुसून परत बघितले. बाबांची पद्मिनी इतक्या वर्षांनी ताडपत्रीखालून बाहेर आली म्हणून जीव हरखला, आणि मग तुझा खालचा निरोप वाचला: ‘ताई, ग्राइंडर मागवलाय. गणपतीपर्यंत रंग मारून गाडी दारात उभी करते.’ फोनवर तू ‘हो हो ताई’ म्हणतेस आणि तुला हवं तेच करतेस, म्हणून हे लिहितेय. ग्राइंडर आला तरी खोक्यातून काढू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

बोनेटवरच्या ज्या तपकिरी ठिपक्यांचे तू एवढे फोटो काढलेस ना, ते काही नाही. ते दोन दिवसांचं काम आहे. तू पायाखालच्या चटईचा एकही फोटो काढलेला नाहीस. मला भीती तिथली आहे. या गाड्यांत रबरी चटईखाली तागाचं किंवा नमद्याचं अस्तर असायचं. काचेच्या रबरातून थेंब थेंब पाणी आत आलं की ते अस्तर पिऊन बसतं आणि वरून चटई कोरडीठाक दिसते. मग दारांच्या खालच्या कडा बघ. तिथे पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजलेली असणार. डिक्कीत स्टेपनीखाली बघ. बॅटरीचा ट्रे बघ, तिथे ऍसिड सांडून पत्रा पापडासारखा झालेला असतो. हेडलाइटच्या वाटीमागे आणि मडगार्डच्या आत चाकानं उडवलेला चिखल वर्षानुवर्षं साठतो. दाराखालची जी लांब पोकळ पट्टी असते, सिल म्हणतात ती, तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपट. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजेल तिथे टोकानं दाबून बघ. भोक पडलं तर पडू दे, ते तू पाडलेलं नाहीस. शिवाय एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सगळ्या गाडीवरून फिरव. जिथे तो चिकटत नाही तिथे आधीच्या कुणीतरी लांबी भरून ठेवलेली आहे. खडूनं गोल कर आणि पुढे जा. दोन संध्याकाळी एवढंच कर.

लांबीचं मला काय विचारतेस! माझी पद्मिनी मी घेतली ते वर्ष तुला आठवतंय. तेव्हा मी कुणाशी धड बोलत नव्हते आणि आई रोज रात्री फोन करून ‘जेवलीस का’ एवढंच विचारायची. मला ती गाडी लवकर चकचकीत करून सगळ्यांना दाखवायची होती. खरं सांगायचं तर गाडी नाही, मीच ठीक आहे हे दाखवायचं होतं. गॅरेजवाला म्हणाला, मॅडम, फ्लोअर कापायला लागलो तर दोन महिने जातील, वरून पत्रा मारून देतो, काही कळणार नाही. मी हो म्हटलं. त्यानं गंजावरच पत्रा ठेवून रिबिटा ठोकल्या, सांधे लांबीनं भरले, खालून काळं डांबरासारखं कोटिंग फासलं. दसऱ्याला गाडी घरी आली तेव्हा तुम्ही सगळे कौतुक करून गेलात. पुढच्या जुलैत सायनजवळ साचलेल्या पाण्यातून जाताना पायाखालून कारंजं उडालं आणि माझी इरकल गुडघ्यापर्यंत चिखलानं भिजली. खाली बघते तर पत्र्याच्या कडेनं रस्ता दिसत होता. सगळं उचकटून परत करायला आधीच्या दुप्पट पैसे लागले. हे मी अजून बाबांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढे तुला कुणी गंडवणार नाही. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचा संसार. तिघांतला एक काढला की तो मोडतो. पण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि त्या पापुद्र्यांच्या भेगांत ओल धरून ठेवतो. त्यामुळे तो झाकला तरी आत चालूच राहतो, उलट झाकणामुळे ओल सुकतच नाही. त्यात आपलं अलिबाग. खाऱ्या वाऱ्यानं पत्र्यावर मीठ बसतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पाऊस नसला तरी पत्रा आतून ओलाच. आजी विळी धुतली की लगेच पुसून तेलाचं बोट फिरवायची, तव्यालाही तसंच. आपण हसायचो. ती त्या तिघांतल्या दोघांना घराबाहेर ठेवत होती.

तेव्हा घासण्याआधी पाणी कुठून येतं ते शोध. त्याला पावसाळ्यासारखा मुहूर्त नाही. सीटा, चटया, अस्तर, दारांचे आतले पुठ्ठे सगळं काढून टाक, गाडी पडवीच्या कडेला घे आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा टॉर्च घेऊन आत जाऊन बस. ओघळ कुठून उतरतो ते बघ. मी माझ्या गाडीत तशी तासभर बसले होते, छत्री मिटून. शेजारच्यांना वाटलं, बाई पुरती गेली.

आणखी एक गोष्ट तुला कुणी सांगणार नाही, कारण सगळे धरून चालतात की तुला ती कळणारच नाही. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. फियाटनं इटलीत १९५३ साली नवी ११०० काढली तेव्हापासून पत्र्याचं अंगच गाडीचा सांगाडा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११००चं नाव पुढे पद्मिनी झालं, पण बांधणी तीच राहिली. त्यामुळे फ्लोअर आणि सिल कुजले तर ते नुसतं दिसण्याचं दुखणं नाही, गाडीची कंबरच गेली समज. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापू द्यायचे नाहीत. एक बाजू, तीही तुकड्या-तुकड्यानं, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक लोखंडी नळी तात्पुरती जोडून घ्यायची. कापताना मधूनमधून दार लावून बघायचं. दाराची फट बदलली म्हणजे गाडी खचली. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. नाही म्हणजे नाही. मजबूत स्टँड मी घेऊन येतेय.

आता तुझा लाडका ग्राइंडर. चालवायचा, पण वायरचा ब्रश लावून. आणि केस घट्ट बांधून, ओढणी काढून, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा लावून. त्या ब्रशच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात. माझ्या दंडाला लागलेली तार मी चिमट्यानं काढली होती, ती डोळ्याला लागली असती तर काय, हा विचार मला नंतर रात्री आला. जुना रंग मात्र कोरडा घासू नकोस. त्यात शिसं असू शकतं आणि तुझं पोर तिथेच अंगणात खेळतं. पाणपेपर घे, तोंडाला चांगला मास्क लाव, आणि घासून झालं की लगेच पुसून कोरडं कर. उघड्या लोखंडावर रात्रभराच्या ओलीनंसुद्धा नारिंगी झाक येते. मी केस सुकवायचं मशीन वापरते. केसांसाठी आता त्याचा काय उपयोग उरलाय म्हणा.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, कड्या असलं लहान सामान घासत बसू नकोस, त्याला एक गमतीचा उपाय आहे. प्लॅस्टिकची बादली, चार-पाच लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा आणि बॅटरीचा चार्जर. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा, धन टोकाला साध्या लोखंडाचा भंगार तुकडा. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. रात्रभरात गंज ढिला होऊन काळा लगदा होतो आणि ब्रशनं निघून जातो. चांगलं लोखंड तसंच राहतं. मात्र हे उघड्यावर करायचं, कारण जे बुडबुडे निघतात तो हायड्रोजन आहे. वायर काढण्याआधी चार्जर बंद करायचा, ठिणगी उडता कामा नये. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, त्यातून क्लोरिन निघतो. धन टोकाला स्टीलचा डबा-चमचा लावायचा नाही, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. ऍल्युमिनियमचं काही त्या बादलीत घालशील तर सोडा ते खाऊन टाकेल. स्प्रिंगा आणि कडक बोल्टही घालू नकोस, ते ठिसूळ होतात. आणि कुणी संडास धुवायचं ऍसिड सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. त्याच्या नुसत्या वाफेनं खोलीतली बाकीची हत्यारं गंजतात.

जिथे पत्रा शाबूत आहे पण बारीक खळग्यांत गंज रुतून बसलाय, तिथे गंज बदलणारं औषध मिळतं. त्यातलं टॅनिक ऍसिड लोखंडाशी मिळून निळसर काळा थर तयार करतं. तुला हे नवीन वाटेल, पण जुन्या पोथ्यांच्या काळात हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करायचे ना, तीच ही क्रिया. हिरड्यात टॅनिन असतं आणि हिराकशीत लोखंड. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण सुटे पापुद्रे घासून काढल्याशिवाय ते लावायचं नाही, आणि भोक पडलेल्या पत्र्यावर ते म्हणजे नुसती शाईच.

भोकं पडली तिथे कापायचंच. गंज संपतो तिथे थांबायचं नाही, दोन-तीन बोटं पुढे, खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. तेवढ्याच मापाचा, त्याच जाडीचा नवा पत्रा बसवून वेल्डिंग. हे तू करू नकोस, चांगला वेल्डर शोध, पण समोर उभी राहा. ‘साहेबांना बोलवा’ म्हणेल, म्हणू दे. मी एकदा सांगितलं होतं की साहेब नाहीत, पैसे माझ्याकडे आहेत. त्यानंतर सगळे प्रश्न मलाच विचारले गेले. त्याला सांग, सलग ओढू नको, इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये गार होऊ दे. नाहीतर पातळ पत्रा उष्णतेनं लाटेसारखा वाकतो. बॅटरी सोडवून ठेव, पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेव, पत्र्याच्या मागच्या बाजूला रबर, कापड, वायर काही नाही ना ते बघ. पेट्रोलची टाकी आधीच उतरवून लांब नेऊन ठेव. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ कोंडलेली असते. तिला घरी कुणीही वेल्डिंग लावायचं नाही. ब्रेकच्या लोखंडी नळ्या तर तपासतही बसू नकोस, सगळ्या नव्या घाल. इथे काटकसर नको.

भंगारातली दारं घ्यायची असतील तर चुंबक घेऊन जा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३च्या ऑक्टोबरात संपली, आणि टॅक्सीची दारं म्हणजे वीस पावसाळे खाल्लेली दारं. तुझ्या दारांपेक्षा कुजकं दार पैसे देऊन आणशील.

आणि रंग. गणपतीपर्यंत नाही, बयो. भर पावसात, हवा ओली असताना मारलेल्या रंगाखाली ओल अडकते आणि वर्षात फोड येतात. पावसाळाभर शोध, घास, काप, जोड. उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरनं झाक. कोरडा दिवस बघूनच पत्रा उघडा पाड. साधा प्रायमर ओल पितो, लांबीही पिते, म्हणून आधी एपॉक्सी आणि लांबी त्याच्यावर, तीही पापडाएवढीच पातळ. शेवटचा रंग तुळशीच्या लग्नानंतर, आणि तो चांगल्या बूथमध्ये. त्या रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना फार वाईट, साध्या मास्कला ती जुमानत नाही. रंग झाला की सिलच्या पोकळीत आणि दारांच्या आत मेणाचं कोटिंग फवारून घे, पण ती पाणी जायची भोकं मोकळी ठेव. जळकं ऑइल खालून मारायची टूम आहे, ती नको. सगळे रबर बुश फुगून जातात.

बाबा रोज खिडकीतून बघत असतील आणि विचारत असतील, कुठवर आली. त्यांना काय सांगायचं हा तुझा खरा प्रश्न आहे, मला माहीत आहे. तू त्यांना थेट गाडीजवळ खुर्ची दे आणि भोकं दाखव. ते चिडतील, ‘मी असताना एक डाग नव्हता’ म्हणतील, आणि मग अर्ध्या तासानं कुठला नट उलट्या आट्यांचा आहे ते सांगायला लागतील.

शनिवारी सकाळच्या रो-रोनं येते, माझ्याच पद्मिनीनं. स्टँड, चष्मा, हातमोजे, चुंबक डिक्कीत टाकलेत. ती पुढची चटई मात्र मी येईपर्यंत उचलू नकोस. बाबांनी तिच्याखाली पावत्या ठेवायची सवय लावून घेतली होती, आठवतं ना? गंजानं त्या ठेवल्या असतील तर मला बघायच्यात.