नातीचे केस

हा लेख लिहावा की नाही, असा बरेच दिवस विचार करत होते. घरची गोष्ट चारचौघांत कशाला, असंही वाटलं. पण माझ्यासारख्या आज्या आता आपल्यात एकदोनच राहिलेल्या नाहीत. माझे जावई आफ्रिकन-अमेरिकन आहेत आणि नात सात वर्षांची आहे. तिचे केस त्यांच्यावर गेले आहेत: दाट, बारीक वेटोळ्यांचे, हात लावला तर कापसासारखे मऊ.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओळखीच्या एक बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगंबाई, आज विंचरलं नाही वाटतं कुणी!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मुलीने ते ऐकलं, आणि रात्री मला विचारलं, "आजी, माझे केस आईसारखे कधी होणार?"

मला उत्तर सुचेना, कारण मीही तिथे निर्दोष नव्हते. ती वर्षाची असताना "जावळ दोनदा काढा, म्हणजे सरळ येतील" हा सल्ला माझाच होता. केसाचा आकार कातडीखाली, मुळाशी ठरतो. वस्तरा तिथवर पोचत नाही, त्यामुळे कितीही वेळा काढलं तरी केस तसेच येणार. पुढे शाळेच्या दिवशी सकाळी मी कोरड्या केसांत फणी घालून वरून खाली ओढत असे. ती रडायची, फणीत केस तुटून यायचे, आणि मी म्हणायची, "किती गुंता करून ठेवतेस!"

गुंता तिने केलेलाच नव्हता. आपला सरळ केस साधारण गोल असतो, म्हणून टाळूचं नैसर्गिक तेल त्यावरून घसरत टोकापर्यंत जातं. या केसाचं मूळच वळलेलं असतं आणि केस चपटा असतो. तेल प्रत्येक वळणावर अडतं, म्हणून टाळूला तेल असलं तरी टोकं कोरडी राहतात, आणि जिथे पीळ पडतो तिथे केस नाजूक होऊन तुटतो. केस वाढत नाही हाही गैरसमजच. ओला असताना ओढून पाहिला तर नातीचा केस खांद्याखाली येतो. सोडला की उडी मारून कानाशी!

मला शिकवलं ते विहीणबाईंनी. त्या आठवडाभर राहायला आल्या होत्या. माझ्या हातातली फणी त्यांनी शांतपणे काढून घेतली आणि म्हणाल्या, "रविवारी दोन तास मोकळे ठेवा." आपल्याकडे पूर्वी न्हायचा वार ठरलेला असे ना, तसाच तो प्रकार. आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा धुणं पुरतं. रोजच्या शांपूने हे केस वाळतात. आधी केसांचे चार भाग करून चिमट्यांनी बांधायचे. एक भाग सोडून पाण्याने चिंब करायचा, भरपूर कंडिशनर लावायचा आणि पहिला गुंता बोटांनीच सोडवायचा. मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे. मी जन्मभर उलटं करत आले होते. शांपू मुख्यतः टाळूला. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टने टिपायचं.

तेलाच्या बाबतीत मात्र मी जरा हट्ट धरला. खोबरेल तेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी होते, हे २००३ साली भारतातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं आहे. विहीणबाईंनी ते मान्य केलं, पण एक दुरुस्ती सुचवली: तेल म्हणजे ओलावा नव्हे. आधी पाणी, मग न धुता ठेवायचा कंडिशनर, आणि तो ओलावा आत राहावा म्हणून वरून थोडं तेल. टाळूला कोंडा असेल तर तिथे तेल थापू नये, तो वाढू शकतो.

शेवटी दोन पेडांचे पीळ घालायचे. रात्री सॅटिनची टोपी घालायची, कारण सुती उशी ओलावा शोषते आणि घासून केस तोडते. मी माझ्या एका विरलेल्या रेशमी साडीचे अभ्रे शिवले. साडीचं सार्थक झालं!

पार्लरमधल्या बारीक वेण्या छान दिसतात, पण चारचार तास बसावं लागतं आणि दीडदोनशे डॉलर सहज जातात. घट्ट वेण्यांचं आणखी एक भान हवं. दुखत असेल, कपाळाशी पुळ्या येत असतील, तर वेणी सैल करावी. सतत ताण बसला की कानशिलाजवळचे केस जातात, आणि फार दिवस तसंच चाललं तर ते परत येत नाहीत.

"मग रिलॅक्सर लावून सरळच का करत नाही?" असं मला दोघीतिघींनी विचारलं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, नळ साफ करण्याच्या द्रव्यात असतं तेच. "लाय नाही" असं लिहिलेल्या डब्यातही तीव्र अल्कलीच असते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएचचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३,४९७ स्त्रियांवर सुमारे अकरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. केस सरळ करणारी रसायनं न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असं अनुमान निघालं. रसायनामुळेच रोग होतो, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. तरी सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याला मी ते लावणार नाही.

विहीणबाईंच्या लहानपणी चर्चला जायच्या आदल्या रात्री त्यांची आई शेगडीवर लोखंडी कंगवा तापवून केस सरळ करी. कान भाजल्याची खूण त्यांनी मला दाखवली. तसे केस केले नाहीत तर शाळेत, नोकरीत नावं ठेवत. ही भीती अगदी जुनी झाली असंही नाही. २०१८ च्या डिसेंबरात इथे न्यू जर्सीत एका शाळकरी कुस्तीगिराला पंचाने सांगितलं, जटा काप नाहीतर सामना सोड. त्याच्या जटा तिथेच, आखाड्याच्या कडेला कापल्या. बरोबर वर्षाने या राज्याने क्राउन कायदा केला. केसांच्या पोतावरून किंवा अशा वेण्या-जटांवरून शाळेत, नोकरीत भेदभाव करणं हा आता वांशिक भेदभाव ठरतो. कॅलिफोर्नियाने हा कायदा २०१९ च्या जुलैत सर्वांत आधी केला. प्रत्येक राज्यात तो नाही, तेव्हा शाळेने आक्षेप घेतला तर आपल्या राज्यात काय आहे ते आधी पाहावं आणि शाळेशी लेखी बोलावं.

पाहुण्यांना एकच विनंती. मुलीच्या केसांना हात लावायचा असेल तर तिला विचारा. ती बहुधा "नाही" म्हणेल, राग मानू नका.

नातीच्या प्रश्नाला मी दोन रविवारांनी उत्तर दिलं: "आईसारखे होणार नाहीत, ते बाबांसारखे आहेत आणि ग्रॅनीसारखे." तिने आरशात पाहिलं आणि विचारलं, "ग्रॅनीला माहीत आहे?" आता पुढचे पीळ ती स्वतः घालते. मानेवरच्या अगदी बारीक वेटोळ्यांना विहीणबाईंकडे "किचन" म्हणतात. तेवढं किचन मात्र अजून माझ्याकडे आहे.