तीन किलोचा ट्रक आणि बर्फाचा प्लाऊ: काय करावे, काय टाळावे

मिसिसागातला हिवाळा म्हटला की ड्राइव्हवे साफ करणं आलंच. त्यासाठी फावडं आहे. रिमोटच्या ट्रकला प्लाऊ लावायचा तो हौसेपोटी, एवढं आधी घरच्यांना सांगून टाका.

आणि नाव प्लाऊ असलं तरी हा नांगर नव्हे. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो, हा वरवर खरवडत जातो, म्हणजे आपला वखरच. फक्त वखर बैल ओढतात आणि हा ढकलायचा असतो. सगळी गोम त्या ढकलण्यात आहे.

काय करावे

पातं चार इंची पीव्हीसी पाइपाचं करा. पाइप लांबीत चिरून परिघाचा पाव भाग घेतला की साधारण 8 सेंमी उंचीचं, आयत्या गोलाईचं पातं मिळतं. त्या गोलाईवर बर्फ चढतो आणि पुढे लोळतो. सपाट पट्टी लावली तर तो समोर नुसता साचत जातो.

पात्याची रुंदी तिरकं लावून मोजा. 30 सेंमीचं पातं 30 अंश वळवलं की प्रत्यक्षात 26 सेंमीच साफ होतात. चाकांच्या बाहेरच्या कडा त्या 26 सेंमीच्या आतच हव्यात, नाहीतर ट्रक न काढलेल्या बर्फावर चढतो.

पातं लोंबतं ठेवा. सर्व्होने ते फक्त उचलायचं, खाली दाबायचं नाही. मध्ये दांडी नको, बारीक साखळी हवी. माझ्या पहिल्या प्लाऊला मी मोठ्या अभिमानाने दांडी लावली होती. ड्राइव्हवेच्या काँक्रीटमधल्या पहिल्याच सांध्याला पातं अडकलं, ‘कर्र’ आवाज आला आणि सर्व्होचे प्लास्टिकचे दाते साफ झाले. दहा सेकंदांचं प्लाऊकाम! साखळीवर पातं स्वतःच्या वजनाने जमिनीला टेकतं आणि उंचवट्यावर आपोआप उचललं जातं. जमलंच तर पाठीमागे एक स्प्रिंगही द्या. खऱ्या प्लाऊचं पातं अडथळा लागला की पुढे झुकून त्यावरून सरकतं आणि स्प्रिंग त्याला परत उभं करते. तेच इथेही चालतं.

खालची कड बदलता येईल अशी ठेवा. स्वयंपाकघरातला जुना प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून पट्टी स्क्रूने बसवा. ती काँक्रीटवर छान घसरते आणि झिजली की दुसरी लावता येते.

वजन मागच्या ॲक्सलवर, शक्य तितकं खाली ठेवा. पुढे पातं लटकलं की मागची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. चाकं बॅलन्स करायला चिकटवतात ती वजनं उत्तम. टायर मऊ रबराचे, आणि त्यांवर बारीक साखळ्या.

पात्याला मेण घासा. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ पिठाच्या गोळ्यासारखा चिकटतो.

बॅटरी निघेपर्यंत जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत ती लवकर मान टाकते.

काय टाळावे

बर्फ पडायचा थांबेपर्यंत वाट पाहू नका. हिशोब करून बघा: 30 सेंमी रुंदी, 5 सेंमी थर, 1 मीटर अंतर. भुसभुशीत बर्फ असेल तर सुमारे दीड किलो, ओला जड असेल तर साडेचार किलो. ट्रक तीन किलोचा! 2-3 सेंमी साचला की एक फेरी, पुन्हा साचला की पुन्हा फेरी.

वेगवान मोटर घेऊ नका. इथे गती नको, जोर हवा. क्रॉलर ट्रकची संथ मोटर आणि चारही चाकांना ताकद, बस्स. लांबून धावत येऊन ढिगाला धडक देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यात स्टिअरिंगचा सर्व्हो आधी जातो.

पात्याचे जोड झटपट चिकटणाऱ्या गोंदाने करू नका. उणे दहात तो काचेसारखा तडकतो. नट-बोल्टच वापरा. थ्रीडी प्रिंटरवर भाग काढणार असाल तर पीएलए नको, एबीएस बरं.

गार लिपो बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचतं, आणि ते धोक्याचं. तासभर खोलीत राहू द्या.

ट्रक मात्र थेट उबदार खोलीत आणू नका. चष्म्यावर धरतं तसं पाणी रिसीव्हरच्या डबीत धरतं. आधी गॅरेजमध्ये निथळू द्या. रस्त्यावरचं मीठ लागलं असेल तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा आणि बेअरिंगला तेल द्या. मी एकदा आळस केला आणि मार्चपर्यंत पुढची दोन्ही चाकं गंजून करकरायला लागली.

शहराचा मोठा प्लाऊ ड्राइव्हवेच्या तोंडाशी जी रास टाकून जातो, तिच्या वाटेला जाऊ नका. ती दाबलेली, मिठाने भिजलेली, मधूनच दगडासारखी असते.

आणि ट्रक रस्त्यावर उतरवू नका, रस्ता कितीही मोकळा दिसला तरी. उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला गुडघ्याएवढीही उंची नसलेला हा ट्रक दिसत नाही.