विस्मरणाचा आजार, गीबत आणि शेजारधर्म

घरातील वृद्धाची स्मृती हरपू लागली, की कुटुंब गप्प होते. पाहुणे आले तर आजोबांना आतल्या खोलीत बसवले जाते, आजीचे मशिदीतील बयानाला येणे थांबते. त्याचे कारण विचारले तर एक उत्तर अनेकदा मिळते: “वडिलांचे उणे चारचौघांत सांगणे म्हणजे गीबतच ना?” या प्रश्नाचा शरीयतच्या प्रकाशात विचार व्हायला हवा.

दोष कोणाचाच नाही

पवित्र कुरआनात सूरह अन-नहल (१६:७०) आणि सूरह अल-हज (२२:५) यांत मानवी आयुष्याचे टप्पे सांगताना अशा वार्धक्याचा उल्लेख आला आहे, ज्यात सर्व काही जाणणारा मनुष्य काहीच जाणेनासा होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या अवस्थेपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. ज्याची बुद्धी हरपली आहे त्याच्यावरून लेखणी उचलली गेली आहे, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. आकलन आहे तोवर कुवतीप्रमाणे इबादत. ते गेल्यावर जबाबदारी नाही. अल्लाहने ज्याचा हिशेब थांबवला, त्याला ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

वैद्यकशास्त्र या आजाराला डिमेन्शिया म्हणते. अल्झायमर हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा. विद्वत्ताही त्यापासून वाचवत नाही. पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातील रुग्ण संस्कृतचे पंडित आहेत आणि ती भूमिका स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. शिवाय, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. बाहेरची बाधा समजून आजार लपवला, तर ही संधी हातची जाते.

सांगणे आणि गीबत

इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये दुसऱ्याविषयी बोलण्याची मुभा असलेले सहा प्रसंग नोंदवले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे धार्मिक मार्गदर्शन मागणे. हजरत हिंद (रजि.) यांनी पती घरखर्चाला पुरेसे देत नाहीत, अशी व्यथा प्रेषितांसमोर (स.) मांडली, तेव्हा त्यांना रोखले गेले नाही, उलट मार्ग दाखवला गेला. म्हणजेच साहाय्य मिळवण्यासाठी गरजेपुरते बोलणे गीबत नव्हे. मात्र तीन मर्यादा पाळाव्यात: जो मदत करू शकेल त्यालाच सांगावे; गरजेपेक्षा अधिक सांगू नये; आणि वृद्धांच्या चुकांची चित्रफीत काढून मोबाईलवर फिरवू नये. सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:११) थट्टेस मनाई आहे.

वाघोलीसारख्या वस्तीत

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. नोकरीसाठी येथे स्थायिक झालेल्या मुलांकडे गावाहून आई-वडील येतात. गावात वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला कोणीही घरी आणून सोडतो. येथे एकसारख्या इमारतींत शेजाऱ्यालाच त्याचे नाव ठाऊक नसते. म्हणून शेजारी, सोसायटीचा पहारेकरी आणि मशिदीचे इमाम यांना आजाराची कल्पना द्यावी. वडिलांच्या खिशात पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. नमाजमध्ये त्यांच्या रकअती चुकल्या तर शेजारच्या नमाजीने कपाळाला आठ्या घालू नयेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही शासकीय मदतवाहिनीही आहे.

महिन्यातून एकदा इशानंतर अशा कुटुंबांनी एकत्र बसावे. स्त्रियांची बैठक वेगळी असावी. रात्री न झोपणाऱ्या सासूला कसे शांत करावे, हे जिने अनुभवले तीच दुसरीला सांगू शकते. आणि एक गोष्ट विसरू नये: आई-वडिलांना ‘उफ्’ही न म्हणण्याची आज्ञा (१७:२३) मुलांना आहे. सुनेवर सारा भार टाकून मुलगा तिच्यातून मुक्त होत नाही.

अल्लाह आपल्या वृद्धांवर दया करो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सब्र देवो. आमीन.